ध्वनितबकडीची रुजवात

पुण्यात जुन्या कागदांची पारख करण्याची जी विद्या वाढली, तिचा पहिला धडा असा की, कोणताही मजकूर हाती आला असता तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला आणि कशाच्या आधारे लिहिला, हे तीन प्रश्न आधी विचारावेत व मगच त्यावर विश्वास टाकावा. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. तेव्हापासून समकालीन अस्सल पत्राची किंमत वेगळी, त्याच्या नकलेची वेगळी आणि मागाहून रचलेल्या बखरीची वेगळी, हा विवेक येथील अभ्यासकांच्या अंगवळणी पडला. हाच विवेक आज एका निराळ्या दफ्तराच्या कामी येणारा आहे. ते दफ्तर म्हणजे घरोघरच्या कपाटांत पडून असलेल्या ध्वनितबकड्या, अर्थात ऑडिओ सीडी.

या शहरात असे संग्रह पुष्कळ असावेत, हे स्वाभाविकच आहे. १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाने ज्यांचे कान घडवले, पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी सुरू झालेले गीतरामायण ज्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकले गेले, अलूरकर म्युझिक हाउससारख्या येथल्याच संस्थेने काढलेली शास्त्रीय संगीताची ध्वनिमुद्रणे ज्यांनी आवडीने विकत घेतली, त्यांच्याकडे कॅसेटींच्या शेजारी सीडींचीही रांग असतेच. परंतु नव्या लॅपटॉपांतून सीडी वाचणारा ड्राइव्ह नाहीसा झाल्यामुळे हे धन संगणकावर उतरवून ठेवण्याची घाई अनेकांना झाली आहे, आणि घाईत एक गोष्ट हमखास राहून जाते. स्वर उतरतात, पण त्यांच्याविषयीची माहिती कोठून आली, याचा दाखला उतरत नाही. तबकडी घातली, जालावरून नावे आपोआप आली, फायली तयार झाल्या, एवढ्याने काम संपले असे वाटते; आणि दहा वर्षांनी तीच फाईल उघडणाऱ्यास ती नावे तबकडीतून आली, वेष्टनावरून आली की कोणा अनामिकाने टंकलेल्या यादीतून आली, हे कळण्यास मार्ग उरत नाही.

म्हणून या लेखात सांगावयाचे सूत्र एकच आहे: तबकडी स्वतः काय सांगते, वेष्टन काय सांगते आणि इतर लोक काय सांगतात, या तीन साक्षी पृथक्‌ नोंदवाव्यात, आणि एकीची दुसरीशी रुजवात घेतल्यावाचून कोणतीही खोडू नये.

तबकडीच्या पोटातील फेरिस्त

फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० साली जे प्रमाण ठरवले व ज्यानुसार १९८२ च्या ऑक्टोबरात पहिल्या सीडी जपानात विक्रीस आल्या, त्यात स्वरांच्या बरोबरीनेच हिशेबाचीही तरतूद आहे. एका सेकंदात प्रत्येक वाहिनीचे ४४,१०० नमुने घेतले जातात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो, आणि सेकंदाचे ७५ समान भाग पाडून प्रत्येक भागात ५८८ नमुन्यांच्या जोड्या, म्हणजे २,३५२ बाइट, ठेवले जातात. या भागास सेक्टर म्हणतात. सीडीवरील काळ मिनिटे, सेकंद आणि सेक्टर अशा तीन अंकांत लिहितात, व तिसरा अंक ० पासून ७४ पर्यंतच जातो. तो दशांश समजून वाचणे ही नवख्याची नेहमीची चूक होय.

तबकडीच्या आतल्या कडेस, पहिला स्वर सुरू होण्यापूर्वीच्या पट्ट्यात, एक अनुक्रमणिका कोरलेली असते. तिला टीओसी म्हणतात. पहिला ट्रॅक कितवा, शेवटचा कितवा, प्रत्येक ट्रॅक कोणत्या क्षणी सुरू होतो, सर्व ध्वनी कोठे संपतो, आणि प्रत्येक ट्रॅक ध्वनीचा आहे की संगणकीय माहितीचा, एवढेच तिच्यात असते. गायकाचे नाव, रागाचे नाव, बंदिशीचा मुखडा यांपैकी काहीही टीओसीत नसते, आणि ट्रॅक कोठे संपतो हेसुद्धा स्वतंत्रपणे नसते. पुढचा सुरू झाला म्हणजे मागचा संपला, असे धरून चालावे लागते.

टीओसीखेरीज दुसरी एक नोंद स्वरांच्या बरोबरीने अखंड वाहत असते. प्रत्येक सेक्टरमागे ९६ बिटांची, क्यू नावाच्या उपवाहिनीतील, ही नोंद चालू ट्रॅकचा क्रमांक, त्यातील पोटक्रमांक आणि आरंभापासून लोटलेला काळ सांगत राहते. दोन ट्रॅकांमधील अंतराल, ज्याचा पोटक्रमांक ०० असतो, केवळ येथेच सापडतो. तबकडीचा तेरा अंकी सूचिक्रमांक आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा बारा अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक हेही, दिलेले असल्यास, याच वाहिनीत अधूनमधून येतात. मात्र स्वरांना दोषनिवारणाचे जे भक्कम कवच लाभलेले आहे ते या नोंदीस नाही: तिच्यातील चूक ओळखता येते, दुरुस्त करता येत नाही. म्हणूनच स्वर निर्दोष उतरूनही अंतरालाचा आकडा चुकीचा येऊ शकतो, आणि ही माहिती एकदा वाचून भागत नाही.

वाचण्यापूर्वीची सिद्धता

तबकडी पुसावयाची झाल्यास मऊ, निर्लेप कापडाने मध्याकडून कडेकडे सरळ रेषेत पुसावी. वर्तुळाकार पुसल्यास पडणारा ओरखडा मार्गाच्या दिशेने जातो आणि सलग माहिती गिळतो. छापील बाजू अधिक टणक आहे असा समज असतो, पण परावर्तक धातूचा थर त्याच बाजूस, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. म्हणून तीवर बॉलपेनने लिहू नये व चिकटपट्टीही लावू नये.

यानंतर, ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वीच, तबकडी दिव्याखाली तिरपी धरून मधल्या छिद्राभोवतीच्या आरशासारख्या कड्यावर कोरलेली अक्षरे वाचून घ्यावीत. तेथे मूळ साच्याचा क्रमांक असतो, आणि १९९४ नंतरच्या बहुतेक तबकड्यांवर आयएफपीआय या अक्षरांपुढे कारखान्याची खूणही असते. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रणे झाली तेव्हा मेणावर क्रमांक कोरण्याची रीत होती, आणि गायिका गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव मोठ्याने सांगत, कारण साचे हॅनोव्हरला जात व तेथील कारागिरांस गाणे कोणाचे हे ओळखण्यास दुसरे साधन नसे. सीडीवरील हे कडे त्याच शिरस्त्याचा वारसा आहे. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांतील भेद पुष्कळदा या कड्यावरूनच उलगडतो.

उतरवणीच्या संगणकीय कार्यक्रमांपैकी विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी आणि लिनक्सवर व्हिपर किंवा सीडीआरडीएओ ही साधने विश्वासार्ह आहेत. त्यांत वाचनाची सावध पद्धत निवडावी, आणि आवाज सारखा करणे, आरंभीची किंवा शेवटची शांतता कापणे, नमुन्यांचा वेग बदलणे असे सर्व पर्याय कटाक्षाने बंद ठेवावेत. कॅसेटीसारख्या अनुरूप (अ‍ॅनालॉग) माध्यमासाठी २४ बिटांची शिफारस ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना करते खरी, परंतु सीडीवरील ध्वनी मुळातच १६ बिटांत असल्यामुळे तो फुगवून काही लाभ होत नाही. जसा आहे तसा ठेवणे हीच त्याची जपणूक.

प्रत्यक्ष वाचन आणि ताळा

प्रथम टीओसी वाचून ती मजकुराच्या स्वरूपात जतन करावी आणि पहिल्या ट्रॅकचा आरंभ पाहावा. सामान्यतः तो ००:०२:०० असतो. त्याहून पुढे असेल तर पहिल्या ट्रॅकच्या आधी काही जागा उरते, आणि क्वचित तीत ध्वनीही असतो. नेहमीच्या पद्धतीने उतरवताना तो भाग सुटतो, म्हणून तो मुद्दाम मागून घ्यावा लागतो.

दुसरे काम ताळ्याचे. समजा, टीओसीप्रमाणे दुसरा ट्रॅक ३१:१४:५२ ला सुरू होतो आणि पहिला ००:०२:०० ला. वजाबाकी केल्यावर पहिल्या ट्रॅकची लांबी ३१:१२:५२ येते, म्हणजे १,४०,४५२ सेक्टर. त्यास २,३५२ ने गुणले असता ३३,०३,४३,१०४ बाइट होतात, आणि साध्या डब्ल्यूएव्ही फाईलचे ४४ बाइटांचे शीर्ष मिळवले असता फाईलचा आकार ३३,०३,४३,१४८ बाइट असला पाहिजे. एका बाइटाचाही फरक पडला तर कोठेतरी काटछाट किंवा भर झाली आहे, असे निःशंक समजावे. हा हिशेब कागद-पेन्सिलीनेही करता येतो, आणि कोणत्याही कार्यक्रमाच्या यशाच्या संदेशापेक्षा तो अधिक भरवशाचा आहे.

तबकडीवर शेवटी संगणकीय माहितीचे दुसरे सत्र असेल तर मात्र एक सावधगिरी पाहिजे. दोन सत्रांमध्ये ११,४०० सेक्टरांचे रिकामे अंतर असते. शेवटच्या गाण्याची लांबी माहितीच्या ट्रॅकच्या आरंभावरून मोजल्यास हे अंतर गाण्याच्या खाती चुकून जमा होते आणि गाणे अडीच मिनिटांहून अधिक लांबल्याचे दिसते.

तिसरी बाब ड्राइव्हच्या ठरावीक सरकवणुकीची आहे. बहुतेक ड्राइव्ह ध्वनी काही नमुने आधी किंवा नंतर देतात. कोणाचा फरक ६ नमुन्यांचा, कोणाचा ६६७ नमुन्यांचा असतो. कानास तो जाणवत नाही, पण दोन ड्राइव्हांवरील प्रती ताडून पाहताना मेळ बसत नाही. ड्राइव्हच्या प्रत्येक मॉडेलचा सुधारांक अ‍ॅक्युरेटरिपच्या सूचीत मिळतो. तो कार्यक्रमात एकदा भरावा आणि ड्राइव्हच्या नावासह नोंदपत्रातही लिहावा. अ‍ॅक्युरेटरिप ही इतरांनी उतरवलेल्या प्रतींच्या पडताळणी-बेरजांशी (चेकसम) आपली बेरीज ताडून पाहण्याची सोय आहे. तिच्यात आपल्या तबकडीची नोंद आढळली नाही तर प्रत सदोष ठरत नाही, साक्षीदार मिळाला नाही इतकेच. अशा वेळी दुसऱ्या बनावटीच्या ड्राइव्हवर पुन्हा वाचून दोन्ही बेरजा जुळवाव्यात.

चौथी बाब क्यू उपवाहिनीतील क्रमांकांची. लागोपाठच्या दोन ट्रॅकांना एकच आयएसआरसी आलेला दिसला तर ड्राइव्हने शेजारचा क्रमांक उचलला असण्याचा संभव असतो, पुन्हा वाचावे. या क्रमांकाच्या मधल्या दोन अंकांवरून ध्वनिमुद्रणाचे वर्ष काढण्याचा मोह आवरावा, कारण ते क्रमांक देण्याचे वर्ष असते. साठच्या दशकातील मैफल नव्वदीत प्रसिद्ध झाली तर तेथे नव्वदीचेच अंक असणार. त्याचप्रमाणे ऐंशीच्या दशकातील काही तबकड्यांवर उच्च स्वर मुद्दाम चढवून ध्वनी नोंदलेला असतो व त्याची खूण टीओसीत असते, किंवा तेथे नसून केवळ उपवाहिनीत असते. दोन्ही ठिकाणी पाहून ही खूण नोंदवावी. ती हरवली तर पुढील श्रोत्यास ध्वनी अकारण कर्कश ऐकू येईल.

मैफलीच्या तबकड्या

चित्रपटगीतांच्या तबकडीत ट्रॅक म्हणजे गाणे, हे समीकरण बहुधा जुळते. रागसंगीताच्या तबकडीत ते जुळेलच असे नाही. विलंबित ख्याल संपता संपताच द्रुत बंदिश उचलली जाते, तबल्याचा ठेका क्षणात बदलतो, आणि प्रकाशकाने तेथे ट्रॅकची सीमा टाकलेली असली तरी स्वर अखंड असतात. काही वेळा वेष्टनावर तीन राग छापलेले असतात व टीओसीत पाच ट्रॅक असतात. काही वेळा वेष्टनावर विलंबित व द्रुत अशा दोन नोंदी असतात आणि तबकडीत सबंध राग एकाच ट्रॅकमध्ये असतो. अशा वेळी वेष्टनाप्रमाणे ट्रॅक जोडू नयेत व तोडूही नयेत. टीओसीप्रमाणे विभागणी कायम ठेवून, 'वेष्टनावरील नोंद १ = तबकडीवरील ट्रॅक १ व २' असा मुकाबला नोंदपत्रात लिहावा; आणि द्रुत बंदिश ट्रॅकच्या मध्येच सुरू होत असेल तर तो क्षण मिनिट-सेकंदांत टिपून ठेवावा.

अशा तबकड्यांसाठी सर्वांत योग्य रीत म्हणजे संपूर्ण तबकडीची एकच अखंड फाईल करणे आणि तिच्याजोगती क्यू फाईल ठेवणे. क्यू फाईल (cue; क्यू उपवाहिनीहून वेगळी) हा साध्या मजकुराचा कागद असतो. त्यात प्रत्येक ट्रॅकचा आरंभ, अंतराल, क्रमांक व खुणा लिहिलेल्या असतात, आणि तिच्या आधारे तबकडीची रचना पुन्हा जशीच्या तशी उभी करता येते. ऐकण्याच्या सोयीसाठी वेगळ्या फाइली अवश्य कराव्यात, पण त्या नकलेच्या नकला आहेत हे विसरू नये. कोणत्याही परिस्थितीत ट्रॅकांमध्ये दोन सेकंदांची शांतता घालणारा पर्याय निवडू नये. समेवर येणारा तबला दोन सेकंद अडवून धरणे हा गायकावर अन्याय आहे.

घरी भरलेल्या, म्हणजे बर्न केलेल्या, सीडींचा प्रकार आणखी वेगळा. एकेक ट्रॅक स्वतंत्रपणे भरला असल्यास अशी दोन सेकंदांची अंतरे तबकडीतच असतात, आणि ती मूळ मैफलीतील नसून भरणाऱ्याच्या पद्धतीतून आलेली असतात. तबकडी शेवटी बंद केलेली नसेल तर तिच्यात पक्की टीओसीच नसते, आणि साधे यंत्र तिला कोरी म्हणून परत करते. ती टाकून न देता रेकॉर्ड करणाऱ्या ड्राइव्हमध्ये वाचून पाहावी. या तबकड्यांवरील माहिती रंगद्रव्याच्या थरात असते व तो थर उजेडाने आणि उष्णतेने क्षीण होतो, म्हणून कारखान्यात छापलेल्या तबकड्यांआधी यांचा क्रम लावणे श्रेयस्कर.

नावे आणि जालावरील बखरी

सीडीवर नावे घालण्याची सीडी-टेक्स्ट नावाची सोय १९९६ साली आली, पण पुष्कळ तबकड्यांत ती नसते, आणि तिच्या अक्षरसंचांत देवनागरीस स्थान नसल्याने असली तरी नावे रोमन लिपीत येतात. ती सापडल्यास आहेत त्याच वर्णलेखनात, सुधारणा न करता, उतरवून ठेवावीत, कारण ती तबकडीचीच साक्ष आहे.

संगणकाच्या पडद्यावर आपोआप उमटणारी नावे मात्र जालावरील नोंदकोशांतून येतात, आणि तेथे जुळणी होते ती टीओसीवरून काढलेल्या एका सांकेतिक क्रमांकाने. सीडीडीबी व पुढे २०२० साली बंद पडलेला फ्रीडीबी यांची रीत अशी की, ट्रॅकांच्या आरंभांचे केवळ पूर्ण सेकंद, एकूण लांबी आणि ट्रॅकांची संख्या यांतून आठ चिन्हांचा क्रमांक बनवावयाचा. यातील धोका रागसंगीताच्या श्रोत्याने विशेष ध्यानात घ्यावा. एकाच ट्रॅकमध्ये साठ मिनिटांचा एक राग असलेली तबकडी दोन सेकंदांनी सुरू होत असेल तर तिचा क्रमांक ०२०ई१००१ येतो. आणि तेवढ्याच सेकंदांची, तशीच सुरू होणारी, एकाच ट्रॅकची दुसरी कोणतीही तबकडी, मग ती कोणत्याही गायकाची वा वादकाची असो, नेमका तोच क्रमांक धारण करते. म्यूझिकब्रेन्झ हा कोश सेक्टरपर्यंतचे आकडे हिशेबात घेत असल्याने तेथे असा घोटाळा फार कमी होतो, परंतु तेथील नावेही अखेर माणसांनीच भरलेली असतात. तेव्हा जालावरून आलेल्या नावास बखरीचा मान द्यावा: वाचावे, उपयोग करावा, पण वेष्टनाशी आणि प्रत्यक्ष ऐकण्याशी पडताळल्यावाचून प्रमाण मानू नये.

नोंदपत्र

प्रत्येक तबकडीच्या फोल्डरात ध्वनीची फाईल, क्यू फाईल, कार्यक्रमाचा अहवाल, वेष्टनाची व तबकडीच्या दर्शनी बाजूची छायाचित्रे आणि एक साधे नोंदपत्र असावे. ध्वनी फ्लॅक स्वरूपात ठेवल्यास आकार कमी होतो व एकही बिट हरवत नाही. शिवाय मूळ ध्वनीची पडताळणी-बेरीज फाईलच्याच पोटात राहते. नोंदपत्राची तीन कलमे करावीत. पहिल्यात टीओसी, अंतराल, क्रमांक, खुणा, सीडी-टेक्स्ट आणि कड्यावरील अक्षरे. दुसऱ्यात वेष्टनावरील मजकूर, म्हणजे राग, ताल, बंदिशीचा मुखडा, साथीदार, स्थळ व तारीख, अगदी छापील चुकांसह बरहुकूम. तिसऱ्यात जालावरून, जाणकारांकडून किंवा स्वतःच्या कानाने कळलेले, प्रत्येक वाक्यामागे त्याचा हवाला देऊन. याखेरीज शेवटची एक ओळ वाचनाची तारीख, ड्राइव्ह, सुधारांक आणि वाचणाऱ्याचे नाव यांसाठी राखावी.

हे लेखन देवनागरीत व युनिकोडमध्येच करावे. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटांत टंकलेली सूची तो फाँट नसलेल्या संगणकावर अर्थहीन चिन्हांची रांग बनते. फाईलींची नावे मात्र आखूड व क्रमांकयुक्त ठेवावीत आणि सविस्तर नावे फाईलीतील नोंदीच्या रकान्यांत भरावीत. सगळा संच निदान दोन निरनिराळ्या साधनांवर ठेवावा, त्यांपैकी एक घराबाहेर असावे, आणि वर्षातून एकदा बेरजा पुन्हा तपासाव्यात. ही प्रत स्वतःच्या संग्रहासाठी व अभ्यासासाठी आहे, याचेही भान असावे. ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे चालतो, आणि जपणुकीच्या सद्‌हेतूने वाटपाचा अधिकार प्राप्त होत नाही.

कामाचा क्रम असा लावावा की घरी भरलेल्या तबकड्या प्रथम, स्थानिक प्रकाशकांच्या व आता बाजारात न मिळणाऱ्या त्यानंतर, आणि मोठ्या कंपन्यांच्या, अन्यत्र सहज मिळू शकणाऱ्या सर्वांत शेवटी. उतरवणी पूर्ण झाल्यावरही तबकड्या रद्दीत देऊ नयेत, उभ्या करून अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. कारण नोंदपत्रातील तीन साक्षींत विसंगती आढळली आणि ती आज सुटली नाही, तर सर्व पाठ जसेच्या तसे ठेवून पुढील वाचकास अस्सलाकडे परत जाण्याची वाट मोकळी ठेवणे, एवढे तरी आपल्या हाती निश्चित आहे.